वल्हं मांडीवर, नजर पाण्यावर : कयाक आणि पक्षी, तुमचे प्रश्न

गेल्या अंकात लोणावळ्याजवळच्या पवना धरणाच्या पाण्यावर संध्याकाळी कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद बोटीतून, पाहिलेल्या पक्ष्यांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, तुमच्या मेल आणि मेसेजचा नुसता पाऊस पडला. निम्म्या लोकांना फक्त "कुठे बुक करायचं आणि किती घेतात" एवढंच हवंय, ते मी सांगणार नाही, मी कुणाची एजंट नाही. उरलेल्यांतले सहा प्रश्न घेतलेत. काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : माझं वय 54. मुलीने डिसेंबरमध्ये पवनेला कयाकिंग बुक केलंय, दुपारी चार ते सहा. मला अजिबात पोहता येत नाही. मिस्टर म्हणतात या वयात कशाला नसते उद्योग. पक्षी खरंच दिसतात का, की नुसतं वल्हं मारून खांदे दुखवून घ्यायचे? (एक वाचक, कोथरूड)

जा. मिस्टरांनाही न्या, काठावर चहा पीत बसू देत हवं तर.

पोहता येत नाही हे बोटीत बसायच्या आधी तिथल्या माणसाला स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही. लाइफ जॅकेट घातलं की मुलीला मागून दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा, जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते ढिलं आहे, पाण्यात ते तुमच्या आधी वर येईल आणि तुम्ही खाली राहाल. पट्टे आवळा नाहीतर दुसरं मागा. मला एकदा एका ठिकाणी (नाव नको) बक्कल तुटलेलं जॅकेट दिलं आणि वर "मॅडम, नुसतं अडकवा, काही होत नाही" असं ऐकवलं, मी पैसे परत न मागता तशीच गाडीत बसले आणि घरी आले. दोनशे-चारशे रुपये गेले तर गेले.

बोट वरून उघडी असलेली मागा, सिट-ऑन-टॉप म्हणतात तिला. जाडजूड प्लास्टिकची असते, आत पाय अडकायचा प्रश्न नाही, तळाला भोकं असतात त्यातून पाणी आपोआप निघून जातं. त्याच भोकांतून थोडं वरही येतं, त्यामुळे बूड ओलं होणार हे धरूनच चला आणि जीन्स घालू नका, भिजली की दगड होते. दोघींची बोट असेल तर जिचे हात दमदार ती मागे, कारण बोट वळवायचं काम मागचीचं, आणि मागचीने पुढचीच्या लयीत वल्हं मारायचं. हे जमलं नाही तर वल्ह्यावर वल्हं आपटून खटाखट आवाज होतो आणि मग पक्षी कसले दिसतायत, घरगुती भांडण तेवढं दिसतं काठावरच्यांना. चुकून पडलातच तर बोट सोडायची नाही, ती बुडत नाही, तिला धरून राहायचं आणि शिट्टी मारायची.

आता पक्षी. खरं सांगायचं तर पवना म्हणजे उजनी धरणाकाठचं, पक्ष्यांनी गजबजलेलं भिगवण नव्हे. सह्याद्रीच्या कुशीतली ही धरणं खोल, काठ उतरते, आणि पाणपक्ष्यांना लागतो तो घोटाभर पाण्याचा चिखल, शेवाळ, पाणवनस्पती, ते इथे कमी. म्हणून हजारोंचे थवे वगैरे डोक्यातून काढून टाका. पण जे आहेत ते कयाकमधून जितके जवळून आणि निवांत दिसतात तितके काठावरून कधीच दिसत नाहीत. नदी सुरय दिसेल, पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपटी. पाणकावळे दिसतील, पंख पसरून वाळत घातल्यासारखे बसलेले, त्यांची पिसं भिजतात म्हणून त्यांना तसं बसावंच लागतं. काठाला वंचक, म्हणजे आपली ढोकरी, अगदी अंगावर पाणी उडेपर्यंत हलत नाही आणि मग उडाली की अचानक पांढरीशुभ्र. नशीब असेल तर हळदी-कुंकू बदकांची जोडी, चोचीवरच्या पिवळ्या-लाल ठिपक्यांवरून हे नाव पडलंय आणि माझ्या मते मराठीतलं सगळ्यात गोड पक्ष्याचं नाव हेच.

आणि कवड्या खंड्या. हा एकटा दिसला तरी तुमचे पैसे वसूल. काळापांढरा, ठिपक्याठिपक्यांचा, आणि बाकीच्या खंड्यांसारखा नुसता फांदीवर बसून वाट बघत नाही, पाण्यावर पाच-सात मीटर उंचीवर एका जागी फडफडत थांबतो, चोच सरळ खाली, डोकं मात्र खिळा ठोकल्यासारखं स्थिर. मागच्या डिसेंबरमध्ये एक आमच्या बोटीपासून वीसेक फुटांवर असा थांबला होता. दोनदा थोडा खाली आला, पुन्हा थांबला, मला वाटलं गेला आता, तेवढ्यात पंख मिटून दगडासारखा पडला, चुबुक, आणि मासा घेऊन बुडालेल्या झाडाच्या खुंटावर. तिथे मासा दोन्ही बाजूंनी आपटला, आपण कपडे आपटतो तसा, मग चोचीतच फिरवून डोक्याकडून गिळला. खवले उलटे लागू नयेत म्हणून डोक्याकडून. छातीवर दोन काळे पट्टे असतील तर नर, एकच आणि तोही मध्ये तुटलेला असेल तर मादी. आमचा नर होता.

वेळेबद्दल : डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पण पवनेला पश्चिमेकडे डोंगर आहेत त्यामुळे तो त्याआधीच आड जातो आणि एकदम थंडी वाजायला लागते. चार वाजता बऱ्याचदा वारा असतो, घाबरू नका, उन्हं उतरली की वारा पडतो आणि मग पाणी असं काही सपाट होतं की समोरचा तुंग किल्ला उलटा दिसतो त्यात. जाताना वाऱ्याच्या तोंडाला जायचं आणि येताना वारा पाठीशी ठेवायचा, दमल्यावर उलट्या वाऱ्यात वल्हं मारण्यासारखी शिक्षा नाही. आणि शक्यतो आठवड्यातल्या वारी जा. शनिवारी रात्री तिथल्या तंबूवाल्यांचे स्पीकर चालू झाले की सुरय काय, माणसंही पळतात.

प्रश्न : मी फोटोग्राफी करतो. कयाकमधून पक्ष्यांच्या जवळ जाता येतं असं सगळे म्हणतात पण माझा अनुभव उलटा आहे, चाळीस-पन्नास फुटांवर गेलो की उडतातच. बोटीचा रंग बदलावा का? कॅमो कपडे घेऊ का? (वाचक, नाशिक)

रंग राहू द्या हो. तुम्ही कसे जाताय ते सांगा, मला वाटतं बोटीचं नाक सरळ पक्ष्यावर धरून जात असणार. पक्ष्याच्या जागी बसून बघा, कुणीतरी थेट तुमच्याकडेच तोंड करून मोठं मोठं होत येतंय, आणि दर दोन सेकंदांनी एक चकचकीत पातं आकाशात उठतंय, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मी असते तर मीपण उडाले असते.

तिरकं जायचं. म्हणजे आपण याच्यासाठी आलोच नाही, पलीकडे कुठेतरी चाललोय, असं. वल्हं आडवं आणि खाली ठेवून मारायचं, वरचं पातं खांद्याच्या वर जाता कामा नये, वेग कमी होईल, होऊ दे. आणि मग थांबायचं. वल्हं मांडीवर आडवं घ्यायचं, त्याच्या टोकावरून थेंब गळतात तेसुद्धा शांत पाण्यात टप टप ऐकू येतात, ते थांबेपर्यंत थांबायचं. बोट आपली आपण वाहते थोडी. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. पाय आखडतात, डास येतात, बाजूचा कंटाळून मोबाइल काढतो. पण पंधरा मिनिटांनी तुम्ही बोट राहत नाही, एक ओंडका बनता, आणि ओंडक्याला कुणी घाबरत नाही. माझ्याजवळ आलेला तो कवड्या मी गाठलेला नव्हता, मी बसले होते तिथे तो आला.

अजून एक, पक्षी उडायच्या आधी सांगतो. आधी खाणं थांबतं. पिसं साफ करत असेल तर ते थांबतं. मग मान वर. राखी बगळा तर इंग्रजी एस अक्षरासारखी घडी घातलेली मान एकदम काठीसारखी सरळ करतो, बदकं सगळी एका दिशेला तोंड करतात आणि हळूच पोहत लांब सरकायला लागतात. पुष्कळदा उडायच्या क्षणभर आधी शिटतातही. यातलं मान वर करणं दिसलं की तिथेच थांबायचं, आणि मान खाली गेली नाही तर दोन हात मागे. तुमची लेन्स किती मिलिमीटरची आहे याच्याशी त्या बगळ्याला देणंघेणं नाही. अंतर तो ठरवणार. थंडीत हे पक्षी संध्याकाळी रात्रीपुरतं पोट भरत असतात, तुम्ही उठवलं की त्यांचा तो घास गेला.

तुम्ही नाशिकचे म्हणून एक सांगून ठेवते, नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तेही तेच, तिथे आपली बोट पाण्यात घालायचा विचारसुद्धा नको. मनोऱ्यावरून बघा, काय वाईट दिसत नाही तिथून. बाकी धरणांवरही पाणी जलसंपदा खात्याचं असतं, मासेमारीचा ठेका आणखी कुणाचा, तेव्हा स्वतःची कयाक टपावर बांधून नेत असाल तर आधी विचारा.

प्रश्न : एप्रिलमध्ये आम्ही मित्र एका धरणावर संध्याकाळी कयाक घेऊन मधल्या छोट्या बेटावर उतरलो होतो. तिथे वाळूत, घरटं वगैरे काही नाही, नुसती ठिपक्यांची तीन अंडी होती. डोक्यावर पाच-सहा पक्षी ओरडत घिरट्या घालत होते, एकाने तर टोपीवर चोच मारली, फार भारी अनुभव होता! फोटो पाठवतोय, छापाल का आणि पक्षी कोणता ते सांगाल का? (वाचक, पिंपरी-चिंचवड)

पक्षी नदी सुरय. फोटो छापणार नाही.

रागावू नका, तुम्हाला माहीत नव्हतं हे पत्रावरून कळतंय, नाहीतर इतक्या आनंदाने पाठवलंच नसतं. पण झालं काय ते ऐका. उन्हाळ्यात पाणी उतरलं की धरणात अशी उघडी बेटं वर येतात आणि फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत सुरय तिथे जमिनीवरच अंडी घालतात, चहूबाजूंनी पाणी म्हणून कुत्री-कोल्हे पोचत नाहीत, एवढाच काय तो बंदोबस्त. तुम्ही त्या पाण्यातून पोचलात. ते पक्षी ओरडत होते ते तुमच्या स्वागताला नाही. अंड्यावरून उठलेला पक्षी जितका वेळ वर, तितका वेळ अंडं उघडं, दुपार असेल तर उन्हात शिजतं, संध्याकाळ असेल तर कावळे आणि घारी टपलेल्या असतात, आणि माणूस जिथे उभा होता तिथे काहीतरी आहे हे कावळ्याला बरोबर कळतं. शिवाय तुम्ही तीन अंडी पाहिलीत, न पाहिलेली किती होती? वाळूच्या रंगाची असतात ती, मुद्दाम शोधली तरी दिसत नाहीत, पायाखाली येतात तेव्हा दिसतात.

हा पक्षी आपल्याला नद्यांवर दिसतो म्हणून साधा वाटतो, पण 2020 पासून त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून धरलंय. आणि अंड्यांना हात लावणं, ती उचलणं हा तर आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

मीही शहाणी नव्हते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशीच एका बेटावर पाय मोकळे करायला उतरायला गेले, वरून वाळलेला तडे गेलेला गाळ, फरशीसारखा दिसत होता, पाय टाकला आणि मांडीपर्यंत आत. सोबतच्याने वल्हं आडवं टाकून ओढून काढलं, एक सँडल अजून तिथेच आहे. वर लहान पाणभिंगऱ्या चिर्र चिर्र करत फिरत होत्या आणि मला वाटलं किती छान, आपल्याभोवती फिरतायत! त्यांचीही पिल्लं असणार तिथेच कुठेतरी, हे मला दोन वर्षांनी कळलं.

तेव्हा फेब्रुवारी ते जून बेटांवर उतरायचं नाही, आणि पक्षी डोक्यावर येऊन ओरडायला लागले की बेट अजून लांब असलं तरी तिथूनच वळायचं. तो फोटो इन्स्टावर टाकला असेल तर लोकेशन तरी काढा. काढाल ना?

प्रश्न : जानेवारीत भिगवणला फ्लेमिंगो बघायला जायचंय, आमची फुगवायची कयाक आहे ती नेली तर चालेल का? तिथल्या बोटवाल्यांचे पैसे वाचतील. (वाचक, बारामती)

पैसे वाचवू नका. कुंभारगाव किंवा डिकसळला जा आणि तिथल्या होडीवाल्याची होडी घ्या. हे लोक वर्षभर त्याच पाण्यावर मासे धरतात, यंदा पाणी कुठे किती उतरलंय आणि रोहित म्हणजे तुमचे फ्लेमिंगो कुठल्या पट्ट्यात उभे आहेत हे त्यांना घरबसल्या माहीत असतं, तुम्ही चार तास वल्हं मारून शोधणार ते ते वीस मिनिटांत दाखवतील. फक्त बसायच्या आधी सांगा, दादा, लांबच इंजिन बंद करा आणि पुढे बांबूने न्या, थवा उडवून दाखवू नका. काही जण पर्यटकाला खूश करायला उडवून दाखवतात, कारण पर्यटक टाळ्या वाजवतो. तुम्ही वाजवू नका.

फुगवायच्या बोटीचं दुसरं कारण जाळी. उजनीत जाळी पसरलेली असतात, वर तरंगायला प्लास्टिकच्या बाटल्या नाहीतर थर्माकोलचे तुकडे, संध्याकाळच्या उजेडात ते दिसत नाहीत. त्यात वल्हं अडकतं, कुणाचं तरी जाळं फाटतं, आणि बुडालेल्या बाभळीचा काटा रबराला लागला तर मग विचारूच नका. आणि उन्हाळ्यात तर नकोच नको. मे 2024 मध्ये याच उजनीत संध्याकाळी अचानक वादळी वारा सुटून प्रवासी बोट उलटली, सहा माणसं गेली, आणि ती तिथल्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरची बोट होती. वळवाचे ढग दिसले की पाण्यात असायचंच नाही, मग कितीही चित्रबलाक समोर असू देत.

जानेवारीत गेलात तर पट्टकादंबही बघा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, हिमालय ओलांडून येतात ते. संध्याकाळी ते काठच्या हरभऱ्याकडे, गाळपेराच्या हिरव्या पट्ट्यांकडे चरायला सरकतात. आणि वारकरी ओळखा, काळा बुटका पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, नाव का पडलं ते बघताक्षणी कळेल.

प्रश्न : दुर्बीण 8 बाय 42 घ्यावी की 10 बाय 42? वापर फक्त बोटीतून आणि तोही संध्याकाळी. (वाचक, सांगली)

आठची. यातला पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं तो, आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाची मिलिमीटरमधली रुंदी. बोट हलते, दहाने ते हलणं जास्त मोठं दिसतं आणि डोकं भणभणतं. शिवाय 42 ला आठने भागलं की सव्वापाच येतात आणि दहाने 4.2, तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाश तुमच्या डोळ्यात येतो, म्हणजे अंधारायला लागलं की आठवाली जास्त वेळ साथ देते. वॉटरप्रूफच घ्या आणि पट्टा तरंगणारा लावा. मोबाइलसाठी झिपवाली पिशवी पुरते, पण ती आधी घरी बादलीत बुडवून बघा, आत टिश्यू पेपर ठेवून, मोबाइल ठेवून नाही.

प्रश्न : आम्ही सिएटलला असतो. घराजवळ लेक वॉशिंग्टन आहे, उन्हाळ्यात रोज कामावरून आलो की कयाक काढतो. इथल्या पक्ष्यांना मराठी नावं आहेत का? मुलीला शिकवायचीत. आणि ती आठ वर्षांची आहे, तिला न्यावं का? (वाचक, सिएटल)

काय नशीब आहे तुमचं, जूनमध्ये नऊ वाजता सूर्यास्त! इथे आम्ही ऑफिसातून सुटेपर्यंत पाखरं झोपलेली असतात.

न्या मुलीला, तिच्या मापाचं जॅकेट, मोठ्यांचं आवळून नाही. ते पाणी आपल्यापेक्षा पुष्कळ गार असतं हे तुम्हाला मी सांगायला नको, काठाकाठाने फिरा. आठ वर्षांच्या मुलीला पंधरा मिनिटं गप्प बसवणं हा पक्षिनिरीक्षणातला सगळ्यात अवघड भाग आहे, माझ्या भाचीला मी "वल्ह्यावरून शेवटचा थेंब कधी पडतो ते मोज" असं सांगते, त्यात चार-पाच मिनिटं जातात, तेवढी पुरतात.

नावांचं म्हणाल तर तुमच्याकडचा मोठा निळा बगळा हा आपल्या राखी बगळ्याचा सख्खा चुलतभाऊ, मानेची तीच घडी, तोच चेहरा, त्याला बिनधास्त बगळा म्हणा. तिकडचा कूट म्हणजे आपल्या वारकऱ्याचाच भाऊबंद, तोही वारकरीच. कयाकच्या पुढे पुढे हे काळे वारकरी आणि मागे पाण्यापलीकडे बर्फाचा डोंगर, तुम्ही फोटो पाठवा, तुमचा छापते. आणि पाण्यावर थांबून पाय पुढे करून धाडकन पडणारा, मासा दोन्ही पायांत पुढेमागे धरून नेणारा ऑस्प्रे उन्हाळ्यात तिकडे असतो, तो मात्र चुलत वगैरे नाही, जात तीच, थंडीत आपल्या धरणांवर येतो तीच. पोरीला म्हणावं, यंदा सुट्टीत जानेवारीत आलीस तर उजनीवर बघायला नेते, आठ वाजता नाही, साडेपाचला निघावं लागेल आणि तेही पहाटे.